सुकणारे तोरण

तोरण ही घराच्या मुखावरील प्रसन्नता होय. अंगणात सडा पडलेला असावा, उंबऱ्यापुढे रांगोळीची दोन बोटे उमटलेली असावीत आणि चौकटीवर आंब्याची हिरवीगार पाने डुलत असावीत. एवढ्यानेच मातीच्या भिंतींचे घरही श्रीमंत दिसू लागते. एखाद्या सत्कार्याच्या आरंभाला आपण ‘तोरण बांधले’ असे म्हणतो, ते उगीच नव्हे.

परंतु अलीकडे नांदेड-लातूरच्या बाजारांत प्लॅस्टिकच्या पानाफुलांची तयार तोरणे ढिगांनी दिसतात. ती एकदा टांगली की वर्षभर खाली उतरत नाहीत. “एकदाच पैसे मोजले की झाले, हे सुकत नाही, कोमेजत नाही,” असे घेणारे कौतुकाने सांगतात. माझ्या मते, न सुकणे हाच त्या तोरणाचा सर्वांत मोठा दोष आहे.

मुलांनो, आपली जुनी तोरणे ऋतूची वार्ता घरात आणीत. पाडव्याच्या दारी कडुनिंबाची कोवळी डहाळी असते, कारण चैत्रात तो पालवतो. श्रावणी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात आणि त्याखाली सजवलेले बैल उभे राहतात. ते तोरण तुटले की ‘पोळा फुटला’ असे म्हणतात. म्हणजे हे तोरण तुटण्यासाठीच बांधलेले असते! दसऱ्याला झेंडू येतो. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला लातूरकडील कुटुंबे शेतात जातात आणि कडब्याची कोप उभारून पूजा करतात. ज्या काळी शेतात जे असेल, तेच सणाचे भूषण होते. प्लॅस्टिकचे तोरण मात्र पाडव्याला आणि दसऱ्याला एकच गोष्ट सांगते. म्हणजे खरे पाहता काहीच सांगत नाही.

कोणी विचारील, “आमच्या दुष्काळी मुलखात दर सणाला हिरवी पाने कोठून आणावीत?” प्रश्न रास्त आहे. २०१६ साली ८ एप्रिलला गुढीपाडवा होता, आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी मिरजेहून पाणी घेऊन आलेली पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. अशा वर्षी फुलांचा हट्ट धरणे शोभत नाही. परंतु कडुनिंबाची मुळे खोल जातात. इतर झाडे माना टाकतात, तेव्हाही तो सावली धरून असतो. त्याची एक डहाळी दारी लावण्यास पैसा लागत नाही. अवर्षणाच्या वर्षी दार साधे दिसले तरी ते खरे बोलते, हे काय थोडे झाले?

तोरण करण्याची रीत अगदी सोपी आहे. अंबाडीच्या वाखाची दोरी किंवा सुतळी दाराच्या रुंदीहून हातभर जास्त घ्यावी. आंब्याची अकरा पाने ओल्या फडक्याने पुसावीत. प्रत्येक पान देठाकडून दोरीवर दुमडून खराट्याच्या काडीने टाचावे. दोन पानांमध्ये झेंडूचे एकेक फूल दाभणाने ओवावे. एवढे काम भावंडांनी मिळून केले, तर घटकाभरात उरकते.

मात्र अकरा पाने हवी असताना अख्खी फांदी मोडू नये. दसऱ्याच्या सुमारास आपट्याची झाडे ओरबाडली जातात. इतकेच नव्हे, तर कांचनाची पानेही आपट्याची म्हणून विकली जातात. झाडाला उघडे करून दार सजविणे, ही सजावट नव्हे.

येथे देशी-परदेशी असा वाद मी घालीत नाही. आपला झेंडू मूळचा मेक्सिकोकडील आहे आणि तिकडेही मृतात्म्यांच्या स्मरणदिनी लोक त्याच फुलांनी आरास करतात. परंतु तो आपल्या मातीत रुजला, आपल्या शेतकऱ्याने तो वाढविला, म्हणून तो आपला झाला. वस्तू कोठून आली, यापेक्षा तिला आपली माती आणि आपला हात लागला की नाही, हे पाहावे. २०१८ साली राज्य शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. असे नियम आवश्यकच आहेत. पण कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, आवड मात्र घरातच घडावी लागते.

सुकलेले तोरण उतरविताना आणखी एक काम करावे. पूर्ण वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांच्या मुळाशी काळे, बारीक, काडीसारखे बी असते. ते कागदाच्या पुडीत जपून ठेवावे आणि उरलेली पाने खताच्या खड्ड्यात टाकावीत. मृगाच्या सरी आल्या की ते बी परसात पेरावे. दसऱ्यापर्यंत रोपे फुलावर येतात. जे सुकते, तेच पुन्हा उगवू शकते.