वेचणीच्या आधी पाळणाघर हवं



महिला दिन आला की पुरवण्यांमध्ये नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बायकांच्या ‘तारेवरच्या कसरती’चं कौतुक छापून येतं, शेजारी वेळेच्या नियोजनाचे सल्ले असतात. आमच्या भोकरदन तालुक्यात हे सल्ले द्यायचे कुणाला? कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मूल रडलं की बाई ओळ सोडून बांधावर येते आणि तिच्या वाट्याचा कापूस तेवढा कमी भरतो. मग थोरल्या मुलीची शाळा बुडवून धाकटं तिच्या कडेवर दिलं जातं.

‘घरी आजी असते ना’ म्हणणाऱ्यांनी सकाळी शेताकडे निघालेला टेम्पो पाहावा. आजीही त्यातच बसलेली असते.

अंगणवाडीतलं शिकणं-खेळणं तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आणि तीही दुपारी सुटते. त्याहून लहानांना घरी न्यायला आहार मिळतो. सांभाळायला कुणी नाही. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन 50 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं, पण कपाशीच्या शेताला आस्थापना कोण म्हणतो? रोजगार हमीचा 2005 चा कायदा त्यापेक्षा शहाणा होता. कामावर पाच लहान मुलं आली, तर कामावरच्याच एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, असं त्यात लिहिलं होतं.

केंद्राची 2022 पासूनची ‘पाळणा’ योजना याच्याही पुढे जाते. अंगणवाडीतच पाळणाघर, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, दिवसाला साडेसात तास, वेगळी सेविका, वेगळी मदतनीस. पण उद्दिष्ट किती, तर देशभरात 17 हजार! एकट्या महाराष्ट्रात अंगणवाड्या लाखाच्या वर आहेत.

लाडक्या बहिणीचा दीड हजारांचा हप्ता नको, असं कुणी म्हणत नाही. पण त्या पैशांत महिनाभर मूल सांभाळणारी बाई गावात मिळते का, हे एकदा विचारून पाहा. आणि हे काम आहे त्याच अंगणवाडीताईच्या गळ्यात मारू नका. तिच्या मानधनात आधीच पुष्कळ कामं कोंबली आहेत.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. केदारखेड्याच्या ग्रामसभेनं त्यातून पाळणाघराचा ठराव करावा, शासनाकडे ‘पाळणा’ची मागणी पाठवावी आणि वेळ शेतावर जाण्या-येण्याची ठेवावी. हे वेचणी सुरू होण्याआधी व्हावं, ही विनंती.

— एक वाचक, केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना