वकील बदलायचाय? आधी फाइल हातात घ्या!



माल उधारीवर दिला, चेक घेतला, चेक बाउन्स झाला. कलम १३८ खाली केस टाकली. दोन वर्षं झाली, नुसत्या तारखाच पडतायत. मग एक दिवस डोकं फिरतं आणि आपण म्हणतो, "हा वकीलच बदलून टाकतो!"

बदला की, तो तुमचा हक्कच आहे. पण रागाच्या भरात बदलू नका, हे माझं स्पष्ट मत.

आधी ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर टाकून बघा, तारीख कशामुळे पुढे गेली. समोरच्याला समन्सच पोचलं नसेल, तर नव्या वकिलालाही तेच भोगावं लागणार आणि तुमची फी डबल होणार. पण तुमचा वकील कोर्टात उभाच राहत नसेल, पुढची तारीखही कळवत नसेल, तर मात्र भिडेखातर थांबू नका.

एक गैरसमज काढून टाका. नवा वकील आला म्हणून खटला पहिल्यापासून सुरू होत नाही. केवळ वकील बदलला म्हणून झालेले साक्षीदार परत बोलावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात सांगितलंय. म्हणून बदलायचंच असेल, तर साक्षीपुरावा सुरू होण्याआधी बदललेला बरा.

आता फाइलचं बघू. "आधी बाकी फी द्या, मग कागद" असं वकिलाला म्हणता येत नाही. फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचाच २००० सालचा निर्णय आहे. तरी फी खरंच बाकी असेल तर देऊन टाका. व्यवहार चोख ठेवायची सवय आपल्यालाही हवीच ना! फी दिल्यावर जुन्या वकिलाची ना हरकत सहीसह घ्या. ते देत नसतील, तर नवा वकील कारण सांगून कोर्टाची परवानगी मागू शकतो.

आणि या गडबडीत एकही तारीख चुकवू नका. फिर्यादीच गैरहजर राहिला, तर कोर्ट आरोपीला सोडूनही देऊ शकतं. मग चूक वकिलाची असो की तुमची, पैसे तुमचेच बुडतात.

म्हणून आजच एक काम करा. मूळ चेक कुठे आहे, बँकेचा रिटर्न मेमो आणि नोटिशीची पोचपावती कुणाकडे आहे, ते वहीत लिहून ठेवा. वकील कुणीही असो, केस तुमची आहे!