मध्यरात्रीचा निर्णय मे महिन्यात

पाटबंधारे खात्यात 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी एका मध्यम धरणावर शाखा अभियंता म्हणून. त्यामुळे पावसाळ्यात टीव्हीवर ‘मध्यरात्री धरणाचे दरवाजे उघडले’ अशी पट्टी फिरू लागली की मला एकच प्रश्न पडतो : हे ठरलं कधी?

कारण मध्यरात्री माणसाचं डोकं चालत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत. अंगावर ओला रेनकोट, जनरेटरची घरघर, दर तासाला पातळी बघून येणारा चौकीदार आणि सतत वाजणारा तहसील कचेरीचा फोन. अशा वेळी आधी जे घोटून ठेवलेलं असतं तेवढंच हातून होतं.

नोकरीला लागलो त्या वर्षी मे महिन्यात, धरणाच्या पोटात गुरं चरत होती तेव्हा, आमच्या साहेबांनी मला शंभर पानी वही दिली आणि विचारलं, “धरणात अर्धा टीएमसी जागा उरलीय, येवा वीस हजार क्युसेक. तुझ्याकडे वेळ किती?” मी हिशेब मांडला. अर्धा टीएमसी म्हणजे पन्नास कोटी घनफूट. सेकंदाला वीस हजार घनफूट येत असेल तर पंचवीस हजार सेकंद, म्हणजे जेमतेम सात तास. “आणि खालची वस्ती हलवायला किती वेळ?” ते मला सांगता येईना. “मग जा, बघून ये.”

गेलो. घरं मोजली, गोठे मोजले. एक आजी म्हणाल्या, “माणसं निघतील रं घटकाभरात, पण दावणीची जनावरं सोडून कोण हलतंय?” बाहेर पडायला रस्ता एकच, फरशी पुलावरून. नदीला दहा हजार क्युसेक आले की फरशी पाण्याखाली. वहीत लिहिलं : आठ हजारांपर्यंत रस्ता शाबूत.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये वहीतलं ते पान समोर उभं राहिलं. संध्याकाळचे सात, जागा अर्धा टीएमसी, येवा वीस हजार. थांबलो असतो तर रात्री दोनला धरण काठोकाठ आणि मग येईल तेवढं पाणी अंधारात खाली सोडायचं, फरशी बुडालेली असताना. तेव्हाच आठ हजार सोडले तर धरणात भर पडणार बारा हजारांची. सात तासांचे साडेअकरा तास होतात. रात्रीच्या दोनऐवजी सकाळचे साडेसहा. तोवर उजाडतं आणि फरशीही उघडी राहते. साहेबांना फोन केला, भोंगा वाजवला, दरवाजे उचलले. पाच मिनिटांचं काम, कारण विचार दोन वर्षांपूर्वीच करून झाला होता.

पुढे गंमत झाली. रात्री तीनला पाऊस ओसरला, चारला दरवाजे बंद केले. तेवढ्यात पाव टीएमसी पाणी वाहून गेलं होतं. त्या वर्षी पाऊस पुन्हा धड आलाच नाही, धरण भरलं नाही, उन्हाळ्यातलं शेवटचं आवर्तन आखडलं. शेतकरी चिडले, एका पुढाऱ्यानं ‘फुकट पाणी सोडलं’ म्हणून भाषण ठोकलं आणि मला खुलासा मागणारं पत्र आलं. खुलासा म्हणून मी वहीच्या त्या पानाची नक्कल जोडली.

माझी तक्रार इथेच आहे. आपण निर्णयाची पारख निकालावरून करतो. पाऊस वाढला असता तर हाच माणूस देवमाणूस ठरला असता. पण सात वाजता हाताशी काय माहिती होती, आणि कुठली चूक भरून निघणारी होती, हे बघायला हवं. आखडलेल्या आवर्तनानं शेतकऱ्याचं नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. पण पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं. दोन वाजता अंधारात वाहून गेलेलं माणूस परत आणता येत नाही.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुणं बुडालं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून शर्थ केली होती. पण काम अपुरं असलेल्या धरणात पाणी अडवलं गेलं, ती चूक आधीची होती. एका रात्रीच्या घामानं ती कशी फिटणार?

आता मोबाइलवर उपग्रहाची चित्रं येतात, पातळी तासातासाला कळते. उत्तमच आहे. तरीही प्रत्येक धरणाची परिचालन सूची, म्हणजे कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा हे, मे महिन्यातच खालच्या गावांच्या ग्रामपंचायतीत लावली पाहिजे. पुराच्या रात्री सोडा किंवा थांबा म्हणून येणारा प्रत्येक फोन नोंदवहीत नावानिशी चढला पाहिजे.

आणि तुम्ही नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्याआधी आपल्या धरणावरच्या अभियंत्याला एकच विचारा : “साहेब, आमच्या वस्तीत गोठे किती?” आकडा चटकन आला तर निवांत झोपा.