मौनाची सही
स्पेनने १९७९ साली कायदा केला: जिवंतपणी नकार नोंदवला नसेल, तर अवयवदानाला होकार समजायचा. इंग्लंडनेही २०२० मध्ये तेच केलं. आपल्याकडे १९९४ चा कायदा, इथे नातेवाइकांची सही लागते, आणि मला तेच बरं वाटतं. पुण्यात आयसीयूबाहेर शिरूर-दौंडकडची माणसं चपला उशाला घेऊन पडलेली असतात. मेंदू मृत झाला असं डॉक्टर सांगतात, तरी आत मुलाची छाती व्हेंटिलेटरवर वरखाली होत असते, अंग गरम लागतं. (डिपॉझिटच्या पावत्यांनी रुग्णालयाबद्दल संशय आधीच पेरलेला.) नकार नोंदवायची सोय आहे हे ज्याच्या कानावरच येणार नाही, त्याचं मौन हा होकार कसा धरायचा? स्पेनमध्येही प्रत्यक्षात घरच्यांना विचारतातच. अवयवदानातलं तिथलं यश घरच्यांशी बोलणाऱ्या प्रशिक्षित समन्वयकांचं. पुण्याच्या ससून रुग्णालयाला असे दोन समन्वयक वाढवून द्या, कायद्याचं नंतर बघू.