समुद्रातला रुग्ण, किनाऱ्यावरचा वैद्य

मावळातील शिरगावात मध्यरात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर गाडी करून त्याला तळेगावच्या रुग्णालयात नेता येते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, ‘मुंबई हाय’च्या तेलक्षेत्रात काम करणाऱ्या माणसाला मात्र रस्ताच नाही. हेलिकॉप्टर आहे, पण पावसाळी वादळात तेही जमिनीवर खिळून राहते. १९७६ पासून देशाला तेल पुरविणाऱ्या या क्षेत्रातील वैद्यकीय सेवा हा म्हणूनच जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो.

२७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ या नौकेवरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. हेलिकॉप्टर येणे शक्य नव्हते. जखमीला उतरविण्यासाठी नौका तेलफलाटाजवळ आणण्यात आली. खवळलेल्या समुद्रात ती तेथील वायुवाहिनीवर आदळली आणि आग भडकली. सुमारे दोन तासांत फलाट नष्ट झाला. ३६२ जण वाचले, २२ जण प्राणांस मुकले. दूरवैद्यकाने हा अनर्थ टळला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु रुग्णाला हलविणे हीसुद्धा एक जोखीम आहे आणि ती त्याच्या दुखण्याशी तोलूनच पत्करावी, हा धडा त्यातून निश्चित मिळतो.

ही तुलना किनाऱ्यावरील तज्ज्ञ करू शकतो. रोममधील एक संस्था १९३५ पासून समुद्रावरील नौकांना बिनतारी यंत्रणेने वैद्यकीय सल्ला देत आली आहे. आज तर हृदयाचा आलेख आणि जखमेचे चित्र क्षणार्धात किनाऱ्यावर पोहोचते. भारतातही मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आहेत.

तथापि, सल्ला कितीही मोलाचा असला, तरी सुई टोचणारा आणि रक्तस्राव थांबविणारा हात जागेवरच लागतो. यंत्र आले म्हणून फलाटावरील वैद्यकीय कर्मचारी कमी करणे, हे काटकसरीच्या नावाखाली केलेले दुर्लक्षच ठरेल. दुसरा प्रश्न कंत्राटी कामगारांचा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात बुडालेल्या ‘पी-३०५’ या बार्जवर २६१ माणसे होती. समुद्रात राबणारे सर्वच काही मुख्य फलाटावर राहत नाहीत, हे तेव्हा देशाला कळले.

म्हणून तज्ज्ञाशी संपर्काची सोय फलाटाइतकीच बार्जवर आणि पुरवठा-नौकेवर हवी. प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षित हात हवेत. रुग्णाला हलविण्याचा निर्णय डॉक्टरचे मत आणि समुद्राची स्थिती, दोन्हींची नोंद करूनच व्हावा. कायम नोकर आणि कंत्राटी मजूर हा भेद हजेरीपटावर असेल. लाटेला तो ठाऊक नाही. वैद्यकालाही तो ठाऊक असता कामा नये.