शेवटच्या झोपडीचा हट्ट

अलीकडे आपल्या मंडळींत एक मत मोठ्या ऐटीने मांडले जाऊ लागले आहे. संगणकावरील युद्धनीतीच्या खेळांत प्रतिपक्षाचा समूळ उच्छेद करून मिळविलेला जय तेवढाच खरा. राजा मारून, गुण मोजून अगर घड्याळ लावून मिळालेला जय म्हणजे पळवाट. असे म्हणणारे बहुधा आपल्यासारखेच, मुलखापासून दूर नेमणुकीवर असलेले, रात्री जेवणे उरकल्यावर निरनिराळ्या गावांहून एकमेकांशी जोडले जाऊन खेळणारे गृहस्थ असतात. त्यांच्या खेळण्याला आमची हरकत नाही, आम्हीही त्यांतलेच. हरकत आहे ती या मताला, कारण पराभव म्हणजे काय याचा विचारच त्यात केलेला नाही.

ज्या वाचकांचा या खेळांशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. येथे बुद्धिबळाप्रमाणे पाळीपाळीने चाल करावयाची नसते. सर्व गडी एकाच वेळी खेळतात. लाकूड, धान्य, सोने जमवावे, इमारती उभाराव्या, सैन्य सिद्ध करावे आणि शत्रूवर चालून जावे, असा एकूण क्रम. पराभव कशास म्हणावयाचे हे मात्र आरंभीच एका यादीतून निवडावे लागते, आणि सगळा वाद या यादीचा आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) या खेळात 'कॉन्क्वेस्ट' निवडले तर शत्रूच्या इमारती व माणसे संपेपर्यंत डाव चालतो. 'रेजिसाइड' निवडले तर राजा पडला की राज्य बुडाले. 'रेड अलर्ट २' (२०००) मध्ये 'शॉर्ट गेम' ही अट लावली तर इमारती गेल्याबरोबर मैदानातील सैन्यही बाद. 'सुप्रीम कमांडर' (२००७) हा खेळ सेनापतीच्या वधाची अट देतो, सर्वनाशाची देतो, आणि 'सुप्रीमसी' नावाची आणखी एक देतो. हिच्यात शत्रूच्या इमारती आणि त्या बांधणारे इंजिनिअर नाहीसे झाले की डाव संपतो, रणगाडे किती उरले हे कोणी विचारीत नाही. या तिसऱ्या अटीकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

उच्छेदवाद्यांचा पहिला मुद्दा आम्हांस मान्य आहे: राज्य म्हणजे राजा नव्हे. 'रेजिसाइड'मधील राजाला शस्त्र नाही. तो किल्ल्यात दडतो किंवा पळतो. शत्रूने ४०० सुवर्णमुद्रा भरून 'ट्रीझन'चा हुकूम सोडला की क्षणभर त्याचा ठावठिकाणा उघडा पडतो. मग चार घोडेस्वारांचे काम. तासभर उभारलेले नगर, शेते, बाजार, विद्यापीठ सारे जागच्या जागी असते आणि तरी तुम्ही हरलेले असता. हा न्याय इतिहासाला लावून पाहावा. १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले व मारले गेले. त्याच वर्षी रायगडही गेला. 'रेजिसाइड'च्या हिशोबाने मराठ्यांचा डाव तेथेच संपला. प्रत्यक्षात राजाराम महाराज जिंजीस पोहोचले, इकडे रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार सांभाळला, संताजी व धनाजी यांनी मोगली फौजांस स्वस्थता लाभू दिली नाही. १६९८ मध्ये जिंजी पडली. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. १७०७ मध्ये औरंगजेबाने दक्षिणेतच देह ठेवला तरी ते युद्ध संपले नव्हते. सरकारी कचेरीत ज्याने एक वर्ष जरी काढले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. साहेबांची बदली होते. नस्ती पुढच्या टेबलावर सरकतेच.

परंतु यावरून उच्छेदवादी जो निष्कर्ष काढतात तो मात्र उलटा आहे. राजा म्हणजे राज्य नव्हे, म्हणून प्रत्येक झोपडी म्हणजे राज्य, हे कोठले तर्कशास्त्र? अठरा वर्षे मराठ्यांचे राज्य टिकले ते कोठेतरी एक घर जळावयाचे राहून गेले म्हणून नव्हे. वसूल गोळा करणारी, फौज उभारणारी, गेलेला किल्ला पुन्हा घेणारी माणसे शिल्लक होती म्हणून ते टिकले. पुन्हा उभारण्याची शक्ती हे राज्याचे प्राणस्थान होय. वर सांगितलेल्या तिसऱ्या अटीने नेमके हेच ओळखले आहे: एक इंजिनिअर जिवंत असेल तर राज्य जिवंत आहे, शंभर रणगाडे उरले आणि ते दुरुस्त करणारा कोणी उरला नाही तर नाही.

'कॉन्क्वेस्ट'मध्ये काय होते हे खेळणाऱ्यांनी प्रांजळपणे सांगावे. डावाचा निकाल लागून जातो आणि नंतर विजयी वीर नकाशाच्या कानाकोपऱ्यांत, जंगलामागे, एखाद्या बेटावर दडलेला शेवटचा गावकरी हुडकीत हिंडत राहतो. यात युद्धनीती कोठे आहे? ही तर खानेसुमारी झाली. 'स्टारक्राफ्ट' (१९९८) मध्ये सर्व इमारती नष्ट झाल्या म्हणजे गडी हरतो. पण तेथील टेरन पक्षाच्या कित्येक इमारती जमीन सोडून हवेत उडू शकतात. हरलेला टेरन आपली एक बराक उचलून समुद्रावर नेऊन ठेवतो. शत्रूपाशी आकाशात मारा करणारे काही नसेल आणि ते बांधण्यापुरते द्रव्यही नसेल, तर दोघेही बसतात एकमेकांकडे पाहत! नियमाच्या अक्षराप्रमाणे हा पराभूत नव्हे.

खेळ रचणाऱ्यांच्याही हे ध्यानात आले होते. 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) मध्ये मुख्य वाडा गेला की दोन मिनिटांत नवा बांधावा लागतो. न बांधल्यास तुमचे सर्व ठिकाण शत्रूला दिसू लागते. जो उभारू शकतो त्याला अवधी, जो नुसता दडू पाहतो त्याला आडोसा नाही. आमच्या मते ही तरतूद सर्वनाशाच्या अटीची जाहीर कबुलीच आहे की ती एकटी पुरत नाही.

आणि जे खरोखरीचे निष्णात आहेत ते तरी शेवटच्या इमारतीपर्यंत कोठे खेळतात? दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट'चे सामने दूरचित्रवाणीवर दाखविले जात. त्यांत हरणारा गडी डाव हाताबाहेर गेल्याचे ओळखून 'जीजी' ही दोन अक्षरे, म्हणजे 'खेळ उत्तम झाला', लिहून उठून जाई. नियमपुस्तकात सर्वनाश आणि मैदानात शिष्टाचार, अशी ही स्थिती आहे. उच्छेदाच्या ज्या अटीची एवढी थोरवी गातात, ती हरणाराच्या सौजन्याने सुसह्य झालेली आहे.

यावर एक उत्तर तयारच असते: "शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हक्क का हिरावता?" हा आक्षेप भारदस्त आहे, आणि एकाच गावकऱ्यावरून पुन्हा नगर उभारून डाव फिरविणाऱ्या गड्याविषयी आम्हांसही आदर आहे. पण त्याचा हक्क कोणी हिरावीत नाही. तो बांधीत आहे तोवर तो राज्यकर्ताच आहे. हक्क जातो तो लपून दुसऱ्याची रात्र वाया घालविण्याचा.

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत जास्त खटकते ती. चार मित्र, एक डेहराडूनला, एक शिलाँगला, एक कोचीला, एक दिल्लीत. शनिवारची रात्र एवढीच त्यांची मराठीत बोलण्याची, थट्टा करण्याची वेळ. पहिल्या अर्ध्या तासात त्यांतला कच्चा गडी समूळ बाद होतो आणि उरलेले तिघे दोन तास लढत बसतात. तो काय करतो? थोडा वेळ पाहतो, मग निजतो. पुढल्या शनिवारी त्याला काम निघते. आपल्या हुतूतूत हा प्रश्न केव्हाच निर्माण झाला होता. 'गामिनी' प्रकारात बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई. आजच्या कबड्डीने संजीवनी पत्करली. सबंध संघ बाद झाला तरी लोण चढते, दोन जादा गुण जातात, आणि सातही गडी पुन्हा मैदानात उतरतात. तेवढ्याने कबड्डी मिळमिळीत झाली असे म्हणण्याचे धाडस उच्छेदवाद्यांनी करून पाहावे.

संगणकाच्या खेळांत संजीवनी सहसा मिळत नाही, हे खरे. परंतु 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये आरंभी दोघांनी एकच रंग निवडला तर दोघांना मिळून एकच राज्य चालविता येते. एकाने शेती व खजिना पाहावा, दुसऱ्याने फौज. चौघांची दोन राज्ये करावीत, कच्च्या गड्याला पक्क्याच्या जोडीला द्यावे. संयुक्त कार्यभाराची सवय तर आपल्याला नोकरीने लावलेलीच आहे.