दुखणं थांबतं, आजार नाही : स्वादुपिंडाच्या रुग्णाची नागपूर वारी

नागपूर : पोटाच्या वरच्या भागात कळ, ती थेट पाठीत जाते, पुढं वाकून बसलं की जरा बरं वाटतं. गावात याला ‘गॅस’ म्हणतात. इंजेक्शन घेतलं की दोन महिने शांतता, मग पुन्हा तेच. भिवापूर, कुही, रामटेककडचा असा रुग्ण शेवटी नागपुरात मेडिकल, सुपर स्पेशालिटी किंवा मिहानमधल्या एम्समध्ये पोहोचतो. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे दिसतात, तोवर बरीच वर्षं निघून गेलेली असतात.

या आजारात ग्रंथी हळूहळू कडक होते आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. जुन्या रुग्णाच्या रक्तात लायपेज नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ यावर विसंबून चालत नाही. काही जणांचं दुखणं वर्षांनंतर आपोआप कमी होतं. घरचे खूश होतात, पण खरी गडबड तिथूनच सुरू होते. पाचकरस कमी पडतो, संडास तेलकट होते, वजन उतरतं, साखर वाढते. ही शुगर नेहमीच्या मधुमेहासारखी नसते. साखर वाढवणारं ग्लुकागॉनही कमी झालेलं असल्यानं इन्शुलिन घेणाऱ्याची साखर अचानक खाली जाण्याची भीती असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्डावर मात्र नुसतं ‘डायबिटीस’ लिहिलं जातं.

दारू हे मोठं कारण, यात वाद नाही. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली अन् २०२१ मध्ये उठली. नागपूर जिल्ह्यात ती नाही. पण तंबाखूही स्वतंत्रपणे हा आजार वाढवते, आणि भारतात थेंबभर दारू न घेतलेल्या तरुणांनाही तो होतो. त्यात जनुकांचा वाटा असतो. अशा पोरीबाळींना ‘काय पीत होती का?’ असं विचारणं हा वेगळाच छळ.

महात्मा फुले योजना मुख्यतः भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी आहे. एंडोस्कोपीनं खडे काढणं, ऑपरेशन हा एकवेळचा खर्च. पाचकरसाच्या कॅप्सूल रोजच्या, जेवणागणिक, अनेकदा जन्मभर. शेतमजुराचं गणित इथंच बिघडतं. मग दोनऐवजी एक कॅप्सूल, तीही जेवणानंतर तासाभरानं. ती जेवतानाच घ्यायची असते, नाहीतर पैसे वाया. ‘तेल-तूप पूर्ण बंद’ हा जुना सल्लाही आधीच वाळलेल्या माणसाला आणखी वाळवतो. कॅप्सूलसोबत पोटभर, प्रथिनं असलेलं जेवण लागतं.

तालुक्याला लागतं ते फार मोठं नाही : ग्रामीण रुग्णालयात या कॅप्सूलचा नियमित साठा, दर काही महिन्यांनी वजन अन् साखर, दारू-तंबाखू सोडवायला समुपदेशक, आणि केसपेपरवर ठळक अक्षरात ‘स्वादुपिंडाचा जुना आजार’. पुढच्या वेळी रात्री दोनला पोट धरून आलेल्या माणसाला ड्युटीवरचा डॉक्टर तरी ‘गॅस’ म्हणून परत पाठवणार नाही.